कातडं कमवावं लागतं

विषय : ‘प्युअर लेदर’ म्हणून विकलेला सॉफ्टबॉलचा ग्लव्ह

दुकानदार भाऊ,

हे पत्र जाहीर आहे, पण त्यात तुमचं नाव नाही. तुमच्या पाटीशी माझं भांडण नाही. तुमच्या काउंटरवर जे घडलं, त्याच्याशी आहे. वाचताना तुम्ही स्वतःला ओळखाल.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. नागपुरात बर्डीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. पाकिटात मोजून पैसे घेऊन आलेला एक माणूस आणि त्याची तेरा वर्षांची मुलगी तुमच्या काचेसमोर उभे होते. मुलीनं वरच्या खुंटीवरच्या तपकिरी ग्लव्हकडे बोट दाखवलं. तुम्ही तो काठीनं खाली काढलात, तिच्या डाव्या हातात चढवलात, वर एक बुक्की मारलीत आणि म्हणालात, “प्युअर लेदर आहे जी, इम्पोर्टेड. पोट्टी इंडिया खेळेपर्यंत टिकन हा.” मी किंमत विचारली. तुम्ही म्हणालात, नऊ हजार दोनशे. मी बिल मागितलं, तर तुम्ही म्हणालात की पक्कं बिल घेतलं तर वरचा टॅक्स मलाच भरावा लागेल. मग एका पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहून माझ्या हातात दिलात. तो कागद मी जपून ठेवला आहे.

तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललात. ही गोष्ट आधी स्वच्छ सांगतो, म्हणजे पुढचं सगळं वाचताना तुम्हाला गैरसमजाची पळवाट शोधता येणार नाही. तो ग्लव्ह चामड्याचा नव्हता. तुम्हाला ते माहीत होतं.

जुलैत पाऊस लागला आणि ग्लव्हच्या बोटांवर पापुद्रे सुटायला लागले. उन्हानं पोळलेली कातडी सोलते तसे. मुलगी संध्याकाळी बसून ते नखानं काढायची आणि म्हणायची, “बाबा, सीनियर ताई म्हणतात, लेदर जुनं होतं तसं गडद होतं. माझं पांढरं काहून होऊन राहिलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तुमच्याकडे आलो. तुम्ही ग्लव्ह हातातही घेतला नाहीत. “पावसात भिजवला असन. लेदरची गॅरंटी नसते जी,” एवढं बोलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. त्याला कॅरमची सोंगटी हवी होती.

ऑगस्टमध्ये शालेय स्पर्धेच्या सामन्यात ती शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, उभी होती. समोरच्या मुलीनं सरळ, छातीच्या उंचीचा फटका मारला. माझ्या मुलीनं ग्लव्ह अगदी बरोबर जागी नेला होता. हे मी बाप म्हणून म्हणत नाही, तिच्या सरांनी मला तसं सांगितलं. चेंडू अंगठा आणि तर्जनीमधल्या जाळीवर आला, जाळीची वादी तुटली आणि चेंडू आरपार जाऊन तिच्या ओठावर बसला. दोन टाके पडले.

सॉफ्टबॉल हे नाव ऐकून पुष्कळांना तो मऊ चेंडू वाटतो, कदाचित तुमच्याही काही गिऱ्हाइकांना वाटत असेल. तो मऊ नसतो. १२ इंच परिघाचा, १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा तो घट्ट गोळा असतो. या खेळात दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे साधारण १८ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगानं निघालेला चेंडू एवढं अंतर एका सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्या वेळात मुलीनं बघायचं, हलायचं, हात न्यायचा आणि हातावरच्या वस्तूवर विश्वास ठेवायचा. तिनं पहिल्या तीन गोष्टी केल्या होत्या. चौथ्या गोष्टीची जबाबदारी तुमची होती.

टाके आठवड्याभरात निघाले. पण त्यानंतर चेंडू अंगावर आला की ती मान वळवायला लागली. आधी ती कधीच मान वळवायची नाही. सर म्हणायचे, या पोरीची नजर चेंडूला चिकटलेली असते. आता ऐन क्षणी तिचे डोळे मिटतात, हनुवटी खांद्याकडे जाते आणि चेंडू निसटतो. दोन महिने झाले, ती रोज मैदानावर जाते आणि रोज स्वतःच्या मानेशी झगडते. तुमच्याकडून मला नऊ हजार दोनशे रुपये परत हवेत, पण या मानेचं काय करायचं ते मात्र तुमच्या गल्ल्यात सापडणार नाही.

तो ग्लव्ह मी आमच्या वस्तीतल्या मोचीदादांकडे नेला. वादी बदलून मिळेल का, एवढंच विचारायला. त्यांनी आधी तो नाकाशी नेला, मग बोटांच्या फटीतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी फाकवून पाहिली. मला विचारून त्यांनी आरीच्या टोकानं कडेचा एक टाका उसवला. आतून पांढरं विणलेलं कापड दिसलं, त्यावर तपकिरी लेप. ते म्हणाले, “भाऊ, हे कातडं कोन्याच जनावराच्या अंगावर नव्हतं.”

मग त्यांनी स्वतःच्या पेटीतून खऱ्या चामड्याचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि पुढची वीस मिनिटं मला ते शिकवलं, जे तुम्ही दोन मिनिटांत सांगू शकला असता. कडेला बघा. खऱ्या चामड्याच्या कापलेल्या कडेला एकमेकांत गुंतलेले बारीक तंतू दिसतात, थर दिसत नाहीत. रेक्झिनच्या कडेला कापड आणि लेप वेगवेगळे दिसतात. बोटानं दाबा. चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात, रेक्झिनवर नुसता खड्डा पडतो. पाण्याचा थेंब ठेवा. फार लेप न दिलेलं चामडं तो हळूहळू पितं आणि तिथं गडद होतं, प्लॅस्टिकवर तो तसाच उभा राहतो. आणि पृष्ठभाग सगळीकडे अगदी एकसारखा असेल तर संशय घ्या, कारण जनावराच्या अंगावरची रंध्रं कधी एकसारखी नसतात.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला त्याहून मोलाची वाटते. चामडं सगळंच सारखं नसतं. कातड्याचा वरचा, केसांकडचा थर सर्वांत घट्ट असतो. जाड कातडं आडवं चिरलं की खाली जो थर उरतो तो सैल आणि फुसका असतो. त्यावर रंगाचा जाड लेप देऊन तोही चामडं म्हणूनच विकतात, आणि ते पूर्ण खोटंही नसतं. त्याच्याही खालची पायरी म्हणजे चामड्याचा भुगा गोंदानं कापडावर थापलेला. ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का मारलेला माल त्यामुळे कुठल्याही प्रतीचा निघू शकतो. तुम्ही यातल्या शेवटच्या पायरीवरही थांबला नाहीत. तुमच्या ग्लव्हमध्ये भुगासुद्धा नव्हता.

आपल्या भाषेत कच्च्या कातड्यावर प्रक्रिया करण्याला कातडं कमावणं म्हणतात. पैसा कमावतात, शरीर कमावतात आणि कातडंही कमावतात. तिन्हींसाठी एकच क्रियापद आहे आणि मला ते फार नेमकं वाटतं. कोल्हापूरकडे चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवून कमावायची रीत आहे. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी, त्यामानानं झटपट कमावलं जातं. रीत कुठलीही असो, कुजून जाणारी वस्तू टिकाऊ करायला कुणीतरी पाण्यात हात घालून, वास सोसून, वेळ दिलेला असतो. या कामापायी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांच्या कसबाचं नाव घेऊन तुम्ही रंगवलेलं कापड विकलंत. मोचीदादांनी ग्लव्ह परत देताना तो दोन बोटांत धरला होता, तेव्हा मला हे कळलं.

तुम्ही खेळाचं सामान विकता, म्हणून एका दुकानदाराबद्दल सांगतो. बेसबॉलमध्ये सुरुवातीला उघड्या हातानं झेल घेत. १८७० च्या सुमाराला सिनसिनाटीच्या डग अ‍ॅलिसन नावाच्या कॅचरनं दुखऱ्या हातावर कातड्याचा मोजा चढवला, आणि तेव्हा ग्लव्ह घालणं भित्रेपणाचं लक्षण मानत. मग अल्बर्ट स्पाल्डिंग आला. तो नावाजलेला पिचर होता आणि १८७६ मध्ये त्यानं शिकागोत खेळाच्या सामानाचं दुकान काढलं होतं. १८७७ मध्ये तो स्वतः ग्लव्ह घालून मैदानात उतरला. ज्याचा इतका दबदबा, त्यानंच तो घातला म्हटल्यावर इतरांची लाज गेली आणि त्याच्या दुकानातले ग्लव्ह खपायला लागले. त्यात त्याचा धंदा होता, उघड होता. पण ज्या ग्लव्हचे पैसे त्यानं घेतले, त्यात त्यानं आधी स्वतःचा हात घातला होता आणि त्यावर चेंडू झेलला होता. तुम्ही मला विकलेल्या ग्लव्हवर कधी एक तरी चेंडू घेतलात का?

आज ग्लव्हला जी खोबण असते, तिचं श्रेय सेंट लुईस कार्डिनल्सचा पिचर बिल डोक याचं. त्याच्या आधी ग्लव्ह म्हणजे नुसता जाड हातमोजा होता. त्यानं रॉलिंग्ज कंपनीला सुचवलं की अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वाद्यांची जाळी विणा. १९२० मध्ये तो ग्लव्ह बाजारात आला आणि झेल तळहातावरून या जाळीत गेला. म्हणजे शंभर वर्षांपासून या वस्तूचा सगळा प्राण त्या वाद्यांमध्ये आहे. तुमच्या ग्लव्हला तिथं काय होतं, तर प्लॅस्टिकची पट्टी, वादीसारखी रंगवलेली. माझ्या मुलीच्या ओठावर जे आलं ते त्या पट्टीतून आलं. आणि सॉफ्टबॉल हा खेळच मुळी एका ग्लव्हपासून सुरू झाला. १८८७ मध्ये शिकागोच्या एका बोट क्लबमध्ये जमलेल्या तरुणांनी बॉक्सिंगचा ग्लव्ह दोरीनं गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्यानं तो मारला. तो चेंडू कशाचा आहे हे तिथं खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

आता पैशांचं बोलू. महागडा चामड्याचा ग्लव्ह घ्यावा का, हा प्रश्न घेऊनच मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. माझ्या अज्ञानाची किंमत लावलीत. गेल्या दोन महिन्यांत मी सरांना विचारलं, विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलींना विचारलं, मोचीदादांना विचारलं, आणि आता मला ते उत्तर देता येतं.

रॉलिंग्ज किंवा विल्सनचे वरच्या प्रतीचे ग्लव्ह अमेरिकेतच अडीचशे-तीनशे डॉलरच्या घरात जातात. विल्सनचा ‘ए २०००’ हा तर १९५७ पासून चालत आलेला आहे. इथे मागवला, वर कर आणि पाठवणी धरली, तर तीस हजार रुपये धरा. तीस हजार ही आमच्या घरात विचार करून, रात्री दोघांनी बसून ठरवायची रक्कम आहे. पण हिशेब करू. मुलगी दिवसाला दीडशे झेल घेते, वर्षातले अडीचशे दिवस खेळते. चांगल्या चामड्याचा ग्लव्ह, वाद्या बदलत आणि निगा राखत, पाच वर्षं सहज जातो. झाले एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे झेल. एका झेलाला सोळा पैसे. तुमचा ग्लव्ह नऊ महिने चालला, दिवस धरा दोनशे, झेल तीस हजार. एका झेलाला एकतीस पैसे. तुमचा स्वस्त माल त्या सर्वांत महागड्या मालाच्या जवळजवळ दुप्पट महाग पडला, आणि यात टाक्यांचा खर्च मी धरलेला नाही.

म्हणून सगळ्यांनी तीस हजारांचा ग्लव्ह घ्यावा, असं मी म्हणत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा हात दर वर्षी वाढतो आणि त्याला अजून हा खेळ आवडतो की नाही हेच ठरायचं असतं. त्याला रेक्झिनचा हलका ग्लव्ह योग्य, तो सहज मिटतो आणि चेंडूही हळू येतात. दहावीच्या क्रीडागुणांसाठी एखाद्या हंगामापुरतं उतरणाऱ्या मुलालाही तो पुरे. आणि अगदी वरच्या प्रतीचा ग्लव्ह तेरा वर्षांच्या मुलीला देणं हीसुद्धा चूकच, कारण त्याचं चामडं सुरुवातीला फळीसारखं ताठ असतं. मोठ्या खेळाडूंना ते हवं असतं, मुरल्यावर ते वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. पण लहान पंज्याला तो ग्लव्ह महिनोन्‌महिने मिटतच नाही. रोज खेळणाऱ्या शाळकरी मुलीला हवा मधल्या किमतीचा, पण संपूर्ण चामड्याचा ग्लव्ह. असं चांगलं काम आपल्याकडेही होतं. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि त्यांनी तिथं खेळाच्या सामानाचा धंदा उभा केला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तुम्ही त्या दिवशी एवढं जरी सांगितलं असतं, “साहेब, इम्पोर्टेड नका घेऊ, हा देशी घ्या, चामडं खरं आहे,” तर मी पुढची दहा वर्षं तुमच्या दुकानात आलो असतो आणि वस्तीतल्या चार घरांना आणलं असतं.

पैसे कशाचे द्यायचे, हेही मला आता कळलं आहे. खेळाच्या सगळ्या सामानात ग्लव्ह ही एकच वस्तू हाताकडून शिकते. बॅट शिकत नाही, चेंडू तर झिजतच जातो. चामड्याचे तंतू चहूबाजूंनी एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे रोज त्याच जागी चेंडू बसला की ते तिथं सैलावतात, तळहाताचा घाम आणि तेल पितात, बोटांच्या ठेवणीनं वळतात. मुली याला ग्लोज मुरवणं म्हणतात, लोणचं मुरतं तसं. रात्री खोबणीत चेंडू ठेवून वरून दोरी बांधतात. थोडं व्हॅसलीन किंवा ग्लव्हचं तेल चोळतात, फार नाही, कारण जास्त पिऊन चामडं जड आणि लिबलिबीत होतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, त्याला गच्चीवर किंवा गाडीत ठेवत नाहीत. कोरडं पडलं की ते तडकतं. पावसाळ्यात भिजलं तर कोरड्या फडक्यानं टिपून पंख्याखाली सावलीत ठेवतात आणि बुरशी धरू देत नाहीत. एवढं केलं की तीन महिन्यांत तो ग्लव्ह त्या मुलीचा होतो, दुसऱ्या कुणाच्या हातात घातला तर लगेच परका वाटतो. रेक्झिन यातलं काहीच करत नाही. कापडावरचा तो लेप पहिल्या दिवशी असतो तसाच असतो आणि मग दमट हवेत त्याची जोडणी आतल्या आत तुटत जाते, एक दिवस तो सोलायला लागतो. आम्ही तो ग्लव्ह भिजवला नव्हता. नागपूरच्या पावसाळ्यातली हवाच त्याला पुरली.

रेक्झिनवर माझा राग नाही, हे पुन्हा सांगतो. आपल्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदी सजवून लहान पोरं निघतात. तो नंदी करणारा सुतार आणि विकणारा माणूस, दोघंही लाकूड म्हणूनच विकतात, लाकडाचेच पैसे घेतात. पोराला माहीत असतं की हा लाकडाचा आहे, म्हणूनच ते त्याच्यावर जीव टाकतं. तुमच्या दुकानात त्याच खुंटीवर, त्याच ग्लव्हला ‘रेक्झिन, १,२०० रुपये’ अशी चिठ्ठी असती, तर मी तुम्हाला नमस्कार करून निघालो असतो.

एक गोष्ट मला फार दिवस कळत नव्हती. तुमच्याच दुकानात, त्याच काउंटरवर, माझ्या शेजारी एक गृहस्थ मुलासाठी क्रिकेटची बॅट घेत होते. त्यांना तुम्ही उजेडात नेऊन बॅटच्या पात्यावरच्या सरळ रेषा मोजून दाखवल्यात. ही इंग्लिश विलो, ही काश्मीर विलो, यात डाग आहे म्हणून ही स्वस्त. किती प्रामाणिकपणे सांगत होतात! मी ते ऐकलं होतं, आणि खरं सांगतो, त्यामुळेच तुमच्यावर विश्वास टाकला. आता कळतं की त्या गृहस्थाला रेषा मोजता येत होत्या. या गावात जामठ्याचं स्टेडियम आहे, उमेश यादव याच जिल्ह्यातल्या खापरखेड्याचा, बॅटची लाकडं ओळखणारे बाप इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांना फसवलं तर दुसऱ्या दिवशी बोभाटा होईल. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे बाप मात्र माझ्यासारखे. आम्ही हा खेळ लहानपणी पाहिलाही नाही, मुलगी शाळेत शिकली म्हणून आम्हाला तो कळला. तिथं तुम्हाला कुणाची भीती नव्हती.

या मुलींना पाहिलंत का कधी? शाळा सुटल्यावर डबा खाऊन थेट मैदानावर येतात. पाचजणींत मिळून दोन ग्लव्ह असतात, फील्डिंग बदलली की धावत जाऊन एकमेकींच्या हातात देतात. त्यांचे सामने वर्तमानपत्रात दोन ओळींत येतात. त्यांना शालेय स्पर्धा, मग विद्यापीठ, मग कधीतरी सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाची आशा असते. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येणार आहे, हे त्यांनी एकमेकींना सांगितलंय. आपण तिथे नसणार हेही त्यांना कळतं, तरी सांगितलंय. या खेळाडूंच्या घरात एकदाच, कसाबसा, एका चांगल्या ग्लव्हचा पैसा उभा राहतो. तो तुम्ही घेतलात.

आणि याच्या पुढचं नुकसान मला जास्त जाळतं. माझा ग्लव्ह सोलला तो सगळ्या पालकांनी पाहिला. आता आमच्या मैदानावर एक वाक्य पक्कं झालं आहे : “महाग घेतलं तरी तेच होतं, मग कशाला घ्यायचं?” एका मुलीच्या वडिलांनी खरा चामड्याचा ग्लव्ह घ्यायचं ठरवलं होतं, ते माझ्याकडे पाहून थांबले. ती चांगली पिचर आहे, तिच्या हातात अजून शाळेच्या पेटीतला फाटका ग्लव्ह आहे. मी त्यांना हिशेब सांगितला, कड कशी बघायची ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला फसवलं त्यानं, मी काय ओळखणार?” याला मी काय बोलणार होतो? खऱ्या मालाची किंमत देण्याजोगी असते, हे या गावात आता कुणाला पटवता येत नाही, ते तुमच्यामुळे.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण तुम्ही मला ‘लेदरची गॅरंटी नसते’ असं सांगितलंत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा जुलै २०२० पासून लागू आहे. मालाची प्रत खोटी सांगणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा त्याच व्याख्येत आहे. आयात केलेल्या वेष्टनबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. तुमच्या इम्पोर्टेड खोक्यावर यातलं काहीही नव्हतं, फक्त एक गरुड होता. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि वकील असावाच लागतो असं नाही. मी तक्रार लिहून ठेवली आहे. पाठकोरा कागद, सोललेला ग्लव्ह, तुटलेली पट्टी, टाक्यांची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत आहे. हे पत्र त्या तक्रारीऐवजी नाही, तिच्या आधी आहे. तुम्हाला पैसे परत करायचे असतील तर अजून वेळ आहे.

माझ्या मुलीकडे आता दुसरा ग्लव्ह आहे. विद्यापीठाकडून खेळलेल्या आणि आता नोकरीला लागलेल्या एका ताईनं तो दिला, साडेतीन हजार रुपयांत. आठ वर्षं वापरलेला आहे. रंग जवळजवळ काळा झाला आहे, मनगटाच्या पट्ट्यावर आत बॉलपेननं लिहिलेली दोन अक्षरं आहेत, ती पुसत नाहीत. मोचीदादांनी जाळीच्या सगळ्या वाद्या नव्यानं ओवल्या, तीनशे रुपये घेतले आणि एक वादी जास्तीची दिली. ताईनं एकच अट घातली : उन्हात वाळवायचा नाही. पहिले दोन आठवडे माझी मुलगी कुरकुरत होती, कारण त्या ग्लव्हच्या आत दुसऱ्याच कुणाच्या बोटांच्या जागा होत्या. तिची करंगळी तिथं पोचत नव्हती. आता पोचते. परवा तिनं पहिल्यांदा एक सरळ फटका मान न वळवता घेतला. त्याच्या पुढचा सोडला, पण तो एक घेतला.

येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला मी तुमच्या दुकानात येतो आहे. तुमच्या काचेआड तसेच तीन ग्लव्ह अजून टांगलेले आहेत, दोन तपकिरी आणि एक काळा, तिन्हींवर ‘प्युअर लेदर’ लिहिलेलं आहे. मोचीदादाही बरोबर येणार आहेत. आरी मी आणू का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, “राहू द्या भाऊ, माझी आहे.”

आपला,
एका शॉर्टस्टॉपचा बाप
नागपूर